वाचकांचे प्रश्न: जुन्या इंग्रजीची अक्षरं

प्रश्न: अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांच्या स्कॅनमध्ये 'बेस्ट'सारख्या शब्दांत एसच्या जागी एफ दिसतो. शब्द शोधावा तर सापडतही नाही. असं का?

उत्तर: तो एफ नव्हे, लांब एस. छोट्या लिपीत तेव्हा एसचे दोन आकार होते: शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब, शेवटी आजचा गोल. पान मोठं करून अक्षराची आडवी रेघ बघा. एफची रेघ दांड्याच्या आरपार जाते. लांब एसला सरळ ठशात डावीकडे तेवढं बारीक टोक असतं आणि तिरप्या ठशात बहुधा तेही नसतं. शाई पसरली असेल तर आकाराचा नाद सोडा, जागा बघा. शब्दाच्या अगदी शेवटी एफ दिसला, जसा 'ऑफ'मध्ये, तर तो एफच. शेवटी दोन एस आले तर सहसा पहिला लांब, दुसरा गोल. एफच्या शेजारी मात्र मध्येसुद्धा गोल एस बसवत, कारण दोन्ही खिळ्यांची (छपाईच्या धातूच्या अक्षरांची) पुढे झुकलेली डोकी एकमेकांवर आदळत.

शोधताना आधी नेहमीचं स्पेलिंग घाला, मग एसच्या जागी एफ घालून पुन्हा शोधा: बी-ई-एफ-टी. स्कॅनवरून मजकूर उतरवणारं सॉफ्टवेअर लांब एसला एफ समजतं. खरा घोटाळा होतो तो चुकून अर्थ लागला की. 'सेल' म्हणजे शीड, त्याचं 'फेल' होतं आणि वाक्यही बऱ्यापैकी ठीक वाटतं! अशा वेळी मूळ पानाचं चित्र उघडल्याशिवाय उतारा घेऊ नका. लंडनच्या 'द टाइम्स'नं १८०३ मध्ये लांब एस सोडला. त्यानंतरच्या छपाईत तो झपाट्यानं दिसेनासा होतो.

प्रश्न: 'लव्ह', 'सन' (मुलगा), 'मंक' यांत उच्चार 'अ', मग स्पेलिंगमध्ये ओ कशाला?

उत्तर: जुन्या इंग्रजीत हे शब्द 'लुफु', 'सुनु', 'मुनुक' असे होते, म्हणजे यूच होता. अडचण हस्तलिखितात झाली. मध्ययुगीन ठाशीव वळणात आय म्हणजे एक उभा दांडा, एन आणि यू दोन-दोन, एम तीन. आयवर टिंब असेलच असं नाही. आता एम-यू-एन लिहून बघा: सात सारखे दांडे ओळीनं उभे, कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळायला मार्ग नाही. यू काढून मध्ये गोल ओ घातला की तीन दांडे, ओ, दोन दांडे, वाचणाऱ्याची सुटका. 'लव्ह'मध्येही तेच, कारण शब्दाच्या मध्ये व्हीसाठीसुद्धा यूच लिहीत, म्हणजे एल आणि ई यांच्यामध्ये नुसते चार दांडे. सगळं खापर दांड्यांवर फोडू नये. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांची सवयही त्यात होती. शिवाय 'रन' आणि 'नट' यांत यू टिकलाच, म्हणजे नियम काही लोखंडी नव्हता.

प्रश्न: जुन्या ढंगाच्या पाट्यांवर 'ये ओल्ड' असतं. हा 'ये' कोण?

उत्तर: तो 'द'च आहे, आणि उच्चारही 'द'च करायचा. 'टीएच'च्या ध्वनीसाठी थॉर्न नावाचं अक्षर होतं. हस्ताक्षरात ते वायसारखं दिसू लागलं होतं, आणि युरोपातून आलेल्या खिळ्यांच्या संचात ते नव्हतंच. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी वाय लावून काम भागवलं. जुन्या पत्रांत वायच्या डोक्यावर बारीक ई असेल तर 'द', टी असेल तर 'दॅट'. आर असेल तर मात्र 'युअर', आणि तिथला वाय अस्सल वाय आहे. 'तुम्ही' अर्थाचा 'ये' हाही खराच वाय. पुढे नाम आलं असेल तर बहुतेक वेळा 'द' समजावं.

प्रश्न: 'डेट' (कर्ज) मधला मुका बी पूर्वी म्हणत होते का?

उत्तर: नाही. शब्द फ्रेंचमधून 'डेत' असा बी-शिवायच आला. लॅटिन 'डेबितुम'शी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून बी घुसवला, 'डाउट'चंही तसंच. निदान त्या नात्यात तथ्य होतं. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ चूक: तो 'आइल' (बेट) या शब्दावरून उसना घेतला, आणि या दोन शब्दांचं मूळ एक नाहीच.