टेक्सासला स्टेट टॅक्स नाही, पण घरपट्टी आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांचा मिळून २ लाख डॉलर पगार, कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात यायचं, पगार तोच राहणार. टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही, मग तेवढे पैसे सरळ खिशात राहतील ना? मी तिकडे अकरा वर्षं काढली आणि आता आठ वर्षं इकडे आहे. दोन्हीकडची बिलं भरलीत, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी तिकडचा हिशेब. कॅलिफोर्नियाचे ते १३.३ टक्के ऐकून लोक दचकतात, पण तो दर १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला आहे. तुमच्या २ लाखांवर एकत्र रिटर्न आणि स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) धरलं तर साधारण साडेदहा हजार बसतो. शिवाय पगारातून कापला जाणारा एसडीआय, म्हणजे राज्याच्या अपंगत्व विम्याचा हप्ता. त्याला पूर्वी पगाराची कमाल मर्यादा होती, २०२४ पासून ती काढून टाकली. २०२५ चा दर १.२ टक्के, म्हणजे आणखी २,४००. एकूण तेरा हजारांच्या जरा आत. हे पैसे वाचणार यात वाद नाही.

आता इकडे या. टेक्सासने २०१९ मध्ये मतदान घेऊन वैयक्तिक उत्पन्नावर कर लावायला राज्यघटनेतच बंदी घातली. शाळा, पोलीस, रस्ते मात्र इथेही लागतातच. राज्य सेल्स टॅक्सवर (६.२५ टक्के, स्थानिक धरून ८.२५ पर्यंत) आणि तेल-वायूच्या उत्पादनावरच्या करावर बरंचसं भागवतं. शाळा, काउंटी आणि शहर यांची मुख्य भिस्त तुमच्या घरावर.

साडेपाच लाखांचं घर घेतलंत असं धरू. शाळेचा दर शंभर डॉलर किमतीला १.१०, बाकी सगळ्यांचा मिळून १.००. राहत्या घराला होमस्टेड सूट मिळते. शाळेच्या करापुरती ती २०२३ मध्ये ४० हजारांवरून १ लाख झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानाने १ लाख ४० हजार. तेव्हा शाळेला ४,५१० आणि इतरांना ५,५००. झाले दहा हजार. तेरातले दहा इथेच गेले.

तुम्ही म्हणाल, तिकडेही घरपट्टी आहेच की. आहे, पण तिची तऱ्हा निराळी. १९७८ च्या प्रॉप १३ मुळे (मतदारांनी मंजूर केलेला नियम) तिथे मूळ कर खरेदीच्या किमतीच्या १ टक्का, आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. आमच्या गल्लीत ऐंशीच्या दशकात घर घेतलेल्या आजी आमच्या एक पंचमांशही कर भरत नसत, घर मात्र तेच, अंगण आमच्यापेक्षा मोठं. न्याय्य आहे का? मला कधीच वाटलं नाही. पण पुढच्या वर्षी किती भरायचे हे आजींना आणि आम्हालाही ठाऊक असे. इथे दरवर्षी एप्रिलच्या सुमारास अप्रेझल डिस्ट्रिक्टचं (करासाठी घराची किंमत ठरवणारं कार्यालय) पत्र येतं आणि पोटात गोळा येतो. होमस्टेड असेल तर करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, पण १० टक्के काही कमी नाहीत. हरकत घ्यायची मुदत साधारण १५ मे. मी दरवर्षी घेतो. एकदा फाउंडेशनच्या भेगांचे फोटो नेले, तर ३० हजारांनी किंमत उतरवून दिली. पंधरा मिनिटांचं काम.

नव्या वसाहतीत घर घेणार असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. शहराच्या हद्दीबाहेर पाणी, ड्रेनेज, रस्ते उभे करायला मड नावाची यंत्रणा असते, म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. ती कर्जरोखे काढते आणि ते फेडतात घरमालक, करातून. काही ठिकाणी हे धरून एकूण दर अडीच टक्क्यांच्या वर जातो. आमच्या बिल्डरच्या सेल्समनने आम्हाला मागच्या वर्षीचं बिल दाखवलं होतं. आम्ही खूश. ते बिल रिकाम्या प्लॉटचं होतं! बँकेने एस्क्रो (घरपट्टीसाठी हप्त्यातून बाजूला ठेवायची रक्कम) त्यावरच बेतला. घरासकट पहिलं बिल आलं तेव्हा एस्क्रोत खड्डा पडला होता. मागची तूट अधिक पुढची वाढ असं मिळून महिन्याचा हप्ता ७४० डॉलरने वर. ते पत्र मी पार्किंगमध्ये गाडीत बसून तीनदा वाचलं.

आणि माझ्या मते खरा फरक रकमेत नाहीच. २०२० मध्ये बायकोची नोकरी गेली, सात महिने एका पगारावर काढले. कॅलिफोर्नियात असतो तर त्या वर्षीचा स्टेट टॅक्स आपोआप उतरला असता. इथलं बिल जसंच्या तसं आलं, ३१ जानेवारीच्या आत भरा. तिथे कमाईवर कर आहे, इथे टिकून राहण्यावर. तुमची नोकरी पक्की असेल आणि पगार वाढत जाणार असेल तर इथलं गणित तुमच्या बाजूचं. निवृत्ती किंवा मध्येच नोकरी सोडून धंदा वगैरे डोक्यात असेल तर उलटं.

अर्थात कमाईवर विसंबलेल्या सरकारचीही फरपट होते. मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने ९७.५ अब्ज डॉलरच्या शिलकीचा अंदाज मांडला, लोकांना २०० ते १,०५० डॉलर वाटले, आणि वर्षभरात ३० अब्जांच्या तुटीची भाषा सुरू झाली. शेअर बाजार पडला की श्रीमंतांचा कर पडतो, एवढं साधं कारण.

पैसा जातो कुठे, हे टेक्सासच्या बिलावर ओळीओळीने छापलेलं असतं, आणि हे मला मनापासून आवडतं. शाळेच्या कराचे दोन भाग पाहा: एम अँड ओ म्हणजे पगार, वीज, रोजचा खर्च, आणि आय अँड एस म्हणजे कर्जफेड. दुसऱ्या खात्यातला पैसा शिक्षकांच्या पगाराला वापरता येत नाही. म्हणून डॅलसजवळच्या ॲलनसारख्या गावात स्टेडियम बांधतात आणि शिक्षकांना पगारवाढ नाही, अशी ओरड एकाच वेळी होऊ शकते. तिथल्या मतदारांनी २००९ मध्ये ११.९ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, त्यातले जवळपास ६ कोटी हायस्कूलच्या फुटबॉल स्टेडियमला. २०१२ ला ते उघडलं, २०१४ ला काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद, २०१५ ला पुन्हा चालू. शिवाय तुमचा शाळा जिल्हा श्रीमंत असेल तर गोळा झालेल्या करातला काही भाग राज्याकडे जातो. १९९३ पासूनची ही पद्धत, लोक तिला रॉबिन हूड म्हणतात.

राहणीमानाचं म्हणाल तर वाचतं ते घराच्या किमतीत. तिथल्या जुन्या तीन बेडरूमच्या पैशात इथे दुप्पट घर येतं, आणि घराचं भाडंही बरंच कमी. भाड्यानेच राहणार असाल तर तेरातले बहुतेक हजार खरोखर उरतील (घरमालकाची घरपट्टी भाड्यात आलेलीच असते). पेट्रोलवरचा राज्याचा कर इथे गॅलनला २० सेंट, १९९१ पासून तोच, तिकडे ६० सेंटच्या आसपास. उलट गारांमुळे घराचा विमा महाग, आणि वारा-गारांचं डिडक्टिबल (नुकसानीतला आपण भरायचा वाटा) बहुधा घराच्या किमतीच्या १ किंवा २ टक्के असतं, ते पॉलिसीत शोधा. उन्हाळ्यात एसीचं बिल, वर टोल रस्ते.

तुम्हाला कंपनीचे आरएसयू (कंपनी टप्प्याटप्प्याने देते ते शेअर) आहेत असं लिहिलंय, म्हणून सांगतो. इकडे आल्यावर व्हेस्ट झाले (प्रत्यक्ष तुमच्या नावे झाले) तरी ग्रँटपासून, म्हणजे ते जाहीर झाल्यापासून, व्हेस्टपर्यंत कॅलिफोर्नियात जेवढे दिवस काम केलं, त्या प्रमाणात तिकडचा कर लागतोच. पहिली काही वर्षं ५४० एनआर फॉर्म (राज्याबाहेर राहणाऱ्यांचा कॅलिफोर्निया रिटर्न) भरावा लागेल. शिफ्ट झाल्याची तारीख, लीज, लायसन्स सगळं जपून ठेवा.

घर नक्की करण्याआधी एक करा. त्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर त्याच गल्लीतलं दोन-तीन वर्षं जुनं घर शोधा, माहिती सगळ्यांना खुली असते. त्याचा एकूण दर आणि मडची ओळ इथे टाका, मग नेमका हिशेब करून देतो.