थायरॉईडची गोळी सुरू आहे, कोबी-फ्लॉवर बंद करू का?

नाही, शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. बंद करायचा तो गोळीबरोबरचा चहा. या भाज्यांतले थायरॉईडला अडवणारे घटक शिजवताना बरेच कमी होतात, आणि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याला त्यांचा सहसा त्रास होत नाही. मी फिजिशियन आहे. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) वाढलेला दिसला की डोस वाढवण्याआधी पेशंटला त्याची सकाळ विचारतो: पुष्कळदा गोळी चहाच्या घोटाबरोबर गेलेली असते, नाहीतर पाठोपाठ कॅल्शियम घेतलेलं असतं, आणि त्यामुळे ती अंगात नीट शोषली जात नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या, पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नका. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या 4 तासांनंतर. मात्र दिवस गेले असतील तर डोस बहुधा वाढवावा लागतो, तेव्हा लगेच डॉक्टरांना भेटा.