मत मागायचं तर आधी गप्प बस

प्रिय मित्रा,

तुझी लग्नाची फिल्म पाहिली. सोबतचं लांबलचक पत्र मुद्दाम नंतर वाचलं. ‘इथे वडिलांचे डोळे भरून येतात, बघा’ असं आधीच सांगितलंस, तर माझी नजर तिथे जाणारच. मग तो शॉट स्वतःच्या बळावर चालतो की नाही, हे तुला कळणार कसं? हॉलमध्ये उजेड नव्हता, दुसरा कॅमेरा उशिरा आला, ही कारणं लग्नघरच्यांना काही तू ऐकवणार नाहीस.

आता टाइमकोडसकट सांगतो. १:४० ला माझं लक्ष उडालं. गिंबलवर, म्हणजे कॅमेरा न हादरता धरणाऱ्या दांड्यावर, तरंगणारे चार शॉट सलग, चारही स्लो मोशनमध्ये. एखादा तरी स्थिर हवा होता. ३:१२ ला नवरा पिवळा, पुढच्याच शॉटमध्ये निळा; व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रंग जुळवण्याची कॅमेऱ्याची सेटिंग, ऑटोवर राहिलाय. हे ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतरच्या रंगकामात, बरंचसं सावरेल. मागच्या दिव्यांचं लुकलुकणं मात्र एडिटमध्ये सहज जात नाही. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवून बघ.

खरी दुखरी जागा आवाजाची. भाषण फाटलंय, आणि फाटलेला आवाज पूर्ण दुरुस्त होत नाही. रेकॉर्डरवर आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव (शून्याला तो फाटतो), आणि सोय असेल तर दुसरा ट्रॅक त्याहून कमी पातळीवर घे. भाषण चालू असताना संगीत खाली आण. ते गाणं तुला फारच आवडलेलं दिसतंय!

बरोबरीच्या मुलांना दाखवशील तेव्हा त्यांनी सुचवलेले उपाय लगेच उचलू नकोस, जागा तेवढी टिपून घे. ‘गाणं बदल’ म्हणणारा कदाचित लांबलेल्या शॉटलाच कंटाळलेला असतो. दोघंतिघं एकाच जागी अडखळले, तर तिच्या आधीची पंधरा सेकंदंही तपास. नवरानवरीला न ओळखणारा एक तरी प्रेक्षक हवाच. ओळखीचे लोक चेहऱ्यांवरच खूश होतात.

तूही दुसऱ्याच्या कामावर नुसतं ‘भारी’ म्हणून सुटू नकोस. आणि दाखवण्याआधी जोडप्याची परवानगी घे, लिंकला पासवर्ड लाव. तो त्यांचा घरचा प्रसंग आहे.

पुढच्या वेळी रंगकाम करण्याआधीचा रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, पाठव. तेव्हा शॉट काढून टाकायला जीवावर येत नाही.

तुझा,
एक जुना एडिटर