'देवाची इच्छा': परीक्षा की पारख?

प्रश्न असा आला आहे: लग्न ठरवणं, नोकरी सोडणं अशा मोठ्या निर्णयाआधी ख्रिस्ती मंडळी कधी 'देवाची इच्छा शोधतो' म्हणतात, कधी 'देवाचा कौल घेतो'. बरोबर कोणतं?

'इच्छा' सोडून देऊ, तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. 'कौल' मूळ अरबी. बोल, दिलेला शब्द. जुन्या कारभारात अभयपत्राला कौल म्हणत. घरावरचं कौल वेगळं, ते यात मिसळू नका. शब्द वाईट नाही, पण हल्ली तो ज्या कृतीसाठी कानावर येतो ती मला सहन होत नाही. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि त्याखाली येईल ते वचन 'प्रभूने दिलं' म्हणून सांगायचं. ही चिठ्ठी टाकणं झालं. चिठ्ठ्यांना शास्त्रात आधार आहे, येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड तशीच झाली (प्रेषितांची कृत्ये १:२६). पण पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरतो, आणि त्यानंतर मंडळीने चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचा एकही प्रसंग नव्या करारात सापडत नाही.

आता खरा शब्द. रोमकरांस पत्र १२:२ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की मनाचं नवीकरण होऊ द्या, म्हणजे देवाची इच्छा काय आहे ते तुम्ही… पुढचं क्रियापद ग्रीकमध्ये 'दोकिमाझेइन' आहे. प्रचलित मराठी भाषांतरात तिथे 'समजून घ्यावे' असं छापलं आहे. हे फिकं भाषांतर आहे आणि त्याने नुकसान झालं आहे. 'दोकिमाझेइन' म्हणजे कसाला लावणं. पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:७) अग्नीने पारखलं जाणारं सोनं येतं, तिथे हेच क्रियापद. लूक १४:१९ मध्ये एक जण मेजवानीला न येण्याची सबब सांगतो की पाच बैलजोड्या घेतल्यात, त्या पाहायला चाललोय, तिथेही हेच! बैल घेणारा नुसतं 'समजून घेत' नाही. तो दात बघतो, खूर बघतो, जोडी चालवून बघतो.

यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: पारखणे. तो आला 'परीक्षा'वरून. परि म्हणजे सभोवती, ईक्ष् म्हणजे पाहणे. प्राकृतात 'परिक्खा', तिथून 'पारख'. रक्ष् वरून राखणे, लक्ष वरून लाख, तीच ही वाट. एकाच मुळाचे दोन शब्द आपण आज शेजारी शेजारी वापरतो, पण त्यांची कामं अगदी वेगळी झाली आहेत. माणसाची 'पारख' करणारा त्याचं खरेपण ओळखू पाहतो. माणसाची 'परीक्षा पाहणारा' त्याला कोंडीत पकडतो. मराठीने केलेला हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण शास्त्रातली दोन वचनं त्यावर चपखल बसतात. 'परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको' हे एक. 'सर्व गोष्टींची पारख करा' (१ थेस्सलनीकाकरांस ५:२१) हे दुसरं, आणि तिथे मूळ क्रियापद पुन्हा 'दोकिमाझेइन'. म्हणजे आपल्या भाषांतरकारांना हा शब्द ठाऊक होता. थेस्सलनीकाच्या पत्रात वापरला, रोमच्या पत्रात टाळला. का?

गिदोनाच्या लोकरीचा दाखला देणाऱ्यांनी इथे थांबावं. (शास्ते या पुस्तकातला गिदोन रात्री लोकर जमिनीवर ठेवतो आणि दव फक्त तिच्यावर पडावं, मग दुसऱ्या रात्री तीच कोरडी राहावी, अशी खूण देवाकडे मागतो.) 'मीही लोकर टाकली, अमुक वाजेपर्यंत फोन आला तर होकार' असं लोक अभिमानाने सांगतात. शास्ते ६:३९ मूळ हिब्रूत पाहा. दुसऱ्यांदा लोकर टाकताना गिदोन स्वतः 'नासाह' हे क्रियापद वापरतो. अनुवाद ६:१६ मध्ये देवाची परीक्षा पाहू नका ही जी मनाई आहे, तिच्यातही तेच क्रियापद आहे. म्हणूनच तो आधी 'माझ्यावर रागावू नकोस' अशी विनवणी करतो. शिवाय काय करायचं हे त्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. देवाने त्याला सांभाळून घेतलं, त्याची पद्धत नेमून दिली नाही.

रोम १२:२ मध्येच देवाच्या इच्छेला लावलेल्या 'उत्तम, ग्रहणीय व परिपूर्ण' या तीन विशेषणांच्या तीन पायऱ्या करणाऱ्या उपदेशकांशीही माझा वाद आहे. परिपूर्ण इच्छा चुकली तर निदान ग्रहणीय तरी मिळेल, असं ते शिकवतात. ग्रीकमध्ये तिन्ही विशेषणांना मिळून एकच उपपद (इंग्रजीतल्या 'the'सारखं) आहे. इच्छा एकच, तिचं वर्णन तिहेरी. या चुकीच्या फोडीमुळे कितीतरी तरुण माणसं आयुष्यभर 'आपण दुय्यम इच्छेत अडकलो' या भीतीत राहतात, आणि ते पाहून मला वाईट वाटतं.

'परि-ईक्षा' म्हणजे सगळ्या बाजूंनी पाहणं. हा अर्थ कृतीत उतरलेला मला जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्याकडे दिसतो. निवड करताना ते सांगतात: हाच प्रश्न घेऊन एखादा अनोळखी माणूस आला असता तर त्याला काय सल्ला दिला असता ते पाहा, मरणाच्या घटकेला काय निवडलं असतं असं वाटेल ते पाहा, न्यायाच्या दिवशी काय निवडलेलं बरं वाटेल तेही पाहा. मन उदास, कोरडं असेल तेव्हा आधी घेतलेला निश्चय बदलू नका, हा त्यांचाच नियम. हे कॅथलिक म्हणून बाजूला सारणाऱ्या प्रोटेस्टंट बंधूंनी रोम १२:२ पुन्हा वाचावं. वचन, प्रार्थना, जाणत्यांचा सल्ला, समोरची परिस्थिती या सगळ्यांवरून नजर फिरवणं म्हणजेच दोकिमाझेइन.

तेव्हा 'शोधतो' म्हणा, हरकत नाही. 'पारखतो' म्हणालात तर पौलाच्या जास्त जवळ जाल. आणि भाषांतराच्या पुढच्या आवृत्तीत रोम १२:२ मध्ये 'पारखून घ्यावे' छापावं, एवढी माझी संपादकांना विनंती आहे.