गणपतीचा कारखाना आणि जपानी राक्षस

प्रश्न : आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. मुलगा बारावीत, कला शाखेत आहे. शाडूवर हात चांगला बसलाय, आखणीही करतो. पण दोन वर्षांपासून अल्ट्रामॅनचं, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या महाकाय नायकाच्या जपानी टीव्ही मालिकेचं, वेड लागलंय. ती काढणाऱ्या जपानच्या त्सुबुराया स्टुडिओत जाऊन राक्षस बनवायचे म्हणतो. अशी नोकरी असते का? की हे खूळ वेळीच काढावं? – एक वडील

नमस्कार,

नोकरी असते, पण फार थोड्या लोकांना मिळते. आणि मुलाला वाटतं तशी ती स्टुडिओच्या आत असतेच असंही नाही. त्याने अल्ट्रामॅनचे भाग पाहिलेत. त्या स्टुडिओचा इतिहास मात्र तुम्ही दोघांनी मिळून पाहायला हवा.

ज्यांच्या नावाने हा स्टुडिओ आहे ते एजी त्सुबुराया 1901 साली फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा गावात जन्मले. त्यांना विमान चालवायचं होतं. वैमानिक शाळेत नाव घातलं, तर शिकवणारेच अपघातात गेले आणि शाळा बंद पडली. मग विजेचं शिक्षण, शिकता शिकता एका खेळणी कंपनीसाठी नवनव्या कल्पना, आणि तिथून सिनेमाचा कॅमेरा. आज असा मुलगा माझ्यासमोर बसला असता तर ‘धरसोड करतोस’ म्हणून मीही त्याला चार शब्द सुनावले असते.

1942 मध्ये तोहो या चित्रपट कंपनीच्या युद्धपटासाठी त्यांनी जपानने हल्ला केलेला अमेरिकी नौदल तळ, पर्ल हार्बर, छोट्या प्रतिकृतींतून उभा केला. जपान युद्ध हरल्यावर तेच काम अंगाशी आलं आणि 1948 मध्ये त्यांना तोहो सोडावं लागलं. पुढे परतले आणि 1954 मध्ये ‘गॉडझिला’ हा महाकाय राक्षसाचा सिनेमा आला. त्सुबुरायांना ‘किंग काँग’सारखी प्रत्येक चौकटीला बाहुली थोडीथोडी हलवून चित्रण करायचं होतं, पण तेवढा वेळ आणि पैसा नव्हता. म्हणून माणसालाच सुमारे 100 किलोचा रबरी पोशाख घालून छोट्या टोकियोत उतरवलं. कॅमेरा नेहमीपेक्षा वेगात फिरवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होते आणि हातभर उंचीची इमारतही जड होऊन कोसळल्यासारखी दिसते. समुद्र दाखवायला आगर-आगर थिजवून त्यावर जहाजं ठेवायचे. चायना ग्रासच तो, आपल्या स्वयंपाकघरातला.

1963 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. दृश्यांवर दृश्यं चढवणारा एक महागडा ऑप्टिकल प्रिंटर अमेरिकेहून मागवला आणि ज्या मालिकेच्या भरवशावर मागवला ती मालिकाच रद्द झाली. शेवटी टीबीएस या वाहिनीने यंत्राचा भार उचलला, आणि त्यातूनच जानेवारी 1966 मध्ये ‘अल्ट्रा क्यू’ व जुलैमध्ये ‘अल्ट्रामॅन’ सुरू झालं.

आता तुमच्या मुलाच्या कामाचा भाग. अल्ट्रामॅनचं रूप ठरवणारे तोरु नारिता मूळचे शिल्पकार. ‘गॉडझिला’च्या वेळी प्रतिकृती बांधायला रोजंदारीवर आले आणि तिथून या धंद्यात शिरले. अल्ट्रामॅनचा चेहरा मातीत घडवला अकिरा सासाकींनी, तेही शिल्पकारच. आणि राक्षसांचे पोशाख बनवत होते र्योसाकु ताकायामा, एक चित्रकार, स्वतःच्या कार्यशाळेत. म्हणजे स्टुडिओकडून चित्र यायचं आणि कार्यशाळेतून राक्षस तयार होऊन जायचा. तुमच्याकडे मुंबईच्या मंडळांची ऑर्डर येते, त्यात आणि यात मला फारसा फरक दिसत नाही.

पैशाचं म्हणाल, तर पहिला ‘अल्ट्रामॅन’ सरासरी 36 टक्क्यांहून जास्त प्रेक्षकसंख्या असताना 39 भागांवर थांबला. काम वेळेत पुरं होईना आणि एकेका भागाचा खर्चही झेपेना. 1968 मध्ये कंपनीला माणसं कमी करावी लागली. त्याच वर्षी नारिता बाहेर पडले, आपल्या रेखाटनांवर आपला हक्क नाही हे शल्य घेऊन. 1970 मध्ये एजी गेले, पुढे मुलांनी आणि कुटुंबाने गाडा ओढला. अल्ट्रामॅनच्या परदेशी हक्कांच्या एका कागदावरून थायलंडच्या कंपनीशी सुरू झालेला वाद कितीतरी देशांच्या कोर्टांत फिरला आणि 2018 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो कागद खरा नसल्याचा निकाल दिला. तोपर्यंत कंपनी कुटुंबाच्या हातातून गेली होती : 2007 मध्ये जाहिरातपट बनवणाऱ्या कंपनीकडे, 2010 मध्ये पाचिंको या जुगारवजा जपानी खेळाच्या यंत्रांच्या धंद्यातल्या फील्ड्स कंपनीकडे.

त्यामुळे ‘त्या स्टुडिओत नोकरी’ हे ध्येय मला कच्चं वाटतं. ‘साचा, रबर, फोम, फायबर यांतून अंगावर चढेल असं काहीही बनवता येणं’ हे पक्कं. पोशाखांचं आणि प्रतिकृतींचं काम जपानमध्ये अजून चालतं, पण बरंचसं संगणकावर गेलंय. 2024 मध्ये दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळवणाऱ्या ‘गॉडझिला मायनस वन’चं ते काम जेमतेम 35 जणांच्या चमूने केलं होतं. जागा किती असतील याचा अंदाज त्यावरून करा.

बारावीनंतर शिल्पकलेची पदवी घेऊ द्या, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात किंवा राज्यातल्या दुसऱ्या कला महाविद्यालयात. प्रवेश परीक्षेचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. डिजिटल शिल्पही शिकू द्या, तुमच्या नव्या साच्यांनाही ते उपयोगी पडेल. जपानी भाषा मात्र आजपासून. तिची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे. पहिली पायरी एन-5 (आकडा जितका लहान, तितकी पायरी वरची), पण कामाच्या ठिकाणी निभावायला निदान एन-2 लागेल, म्हणजे काही वर्षांची मेहनत. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत बारावी झालेल्यांसाठी व्यवसाय-प्रशिक्षणाचा गट आहे : एक वर्ष भाषा, दोन वर्षं प्रशिक्षण, फी माफ. वयाची अट आहे, तेव्हा पदवी आणि ही शिष्यवृत्ती यांचा क्रम आधीच ठरवा. स्पर्धाही मोठी असते.

एक सांगू का? तुम्ही ‘हात चांगला बसलाय’ असं लिहिलंय, पण त्याने स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत काय केलं ते लिहिलं नाहीत. यंदा विसर्जनानंतर कारखाना रिकामा झाला की त्याला एक कोपरा द्या. राक्षसाचं एक डोकं, डोक्यात घालून दहा मिनिटं वावरता येईल असं. साच्यापासून रंगापर्यंत प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि खर्चाची वही. पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा, आणि फोटोंत उसवलेला, फाटलेला भागही असू दे.