लाईट गेली की संपमधून पाणी बाहेर

प्रश्न: माझी ४ फुटी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे, खाली संप (वरच्या टाकीतून उतरणारं पाणी जमा होणारी छोटी टाकी). लाईट गेली की संप भरून पाणी हॉलभर होतं. रिटर्नच्या पाईपला (पंपाचं पाणी संपमधून परत वर नेणाऱ्या) नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, लावलाय तरी असं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: पंप बंद पडला की रिटर्नचं तोंड सायफनसारखं उलटं पाणी ओढतं, आणि ते तोंड जेवढं खोल तेवढं पाणी खाली येणार. तुमची टाकी १२० बाय ४५ सेंमी धरली तर दर सेंमीला जवळपास साडेपाच लिटर, म्हणजे तोंड ५ सेंमी खाली असेल तर २७ लिटर झाले की! व्हॉल्व्हवर अजिबात विसंबू नका, त्यात मीठ, चुना, गोगलगाय काहीही अडकतं आणि मग तो नीट बसतच नाही. त्यापेक्षा तोंड पाण्याच्या पातळीच्या जरासंच खाली आणा, आणि पातळीच्या लगेच खाली पाईपला एक छोटं भोक पाडा, पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक मात्र दर आठवड्याला टूथब्रशने साफ करायचं, शेवाळाने बुजतं.

मग पंप मुद्दाम बंद करून बघा, पाणी थांबलं की संपमध्ये वर अजून चार बोटं जागा उरायला हवी, नसेल तर संपची रोजची पातळी कमी ठेवा.

आणि हो, जोडताना पितळी फिटिंग नको, पीव्हीसीच वापरा, पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं आणि कोळंबी, कोरल मरतात.