रोम सोडून रोमन अवशेष आणि जुनी चर्च एकाच शहरात पाहायची असतील, तर कोणते शहर निवडावे?

रोम पाहून झाल्यानंतर तीन-चार दिवसांत पाहता येईल असे शहर आपण विचारले आहे आणि अवशेष वस्तुसंग्रहालयात नव्हे, तर नांदत्या शहरात पाहण्याची आपली इच्छा आहे. मी आपल्याला निःसंकोचपणे ग्रीसमधील थेस्सालोनिकी सुचवेन.

सुरुवात गॅलेरियस या रोमन सम्राटापासून करावी. इराणी राजा नर्सेसवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ त्याने इ. स. 300च्या सुमारास येथे कमान उभारली. मूळच्या आठ खांबांपैकी तीनच उरले असले, तरी त्यांवरील युद्धाची शिल्पे जवळून पाहता येतात. स्थानिक लोक तिला नुसते 'कामारा' म्हणतात आणि एकमेकांना भेटायचे ठिकाण म्हणून तिचेच नाव सांगतात. जवळच त्याच सम्राटाने बांधवून घेतलेली रोटुंडा ही वर्तुळाकार इमारत आहे. तिचा व्यास सुमारे 24 मीटर असून भिंती सहा मीटरांहून अधिक जाड आहेत. ती मंदिर म्हणून बांधली की समाधी म्हणून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही; गॅलेरियसचे दफन मात्र येथे झाले नाही, ते आजच्या सर्बियात झाले. पुढे रोटुंडाचे चर्च झाले, सोळाव्या शतकाच्या अखेरीस मशीद झाली आणि 1912 साली शहर ग्रीसकडे आल्यावर ती पुन्हा ख्रिस्ती वास्तू ठरली. मशिदीचा मिनार आजही तिच्या शेजारी उभा आहे. घुमटाच्या कडेला सोनेरी मोझेकमध्ये, म्हणजे लहान रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांत, हात पसरून प्रार्थना करणारे संत दिसतात आणि प्रत्येकाजवळ त्याचे नाव व त्याच्या सणाचा महिना लिहिलेला आहे. येथे घाई करू नये. डोळे अंधाराला सरावल्यावरच ते सोने नीट दिसू लागते.

ख्रिस्ती लोकांचा छळ ज्याच्या कारकिर्दीत झाला, त्या सम्राटाच्या इमारतीत ख्रिस्ती संत विराजमान झाले, ही मला या शहरातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. शहराचे रक्षक मानले जाणारे संत दिमित्रिओस यांना परंपरेनुसार गॅलेरियसच्याच काळात एका रोमन स्नानगृहात मारण्यात आले. त्यांचे भव्य चर्च त्याच जागेवर आहे, आणि जिना उतरून तळघरात गेल्यास त्या स्नानगृहाचे अवशेष दिसतात. 1917च्या भीषण आगीत हे चर्च जळाले, तेव्हा आजची वास्तू बरीचशी पुनर्रचित आहे. परंतु गर्भगृहाजवळच्या खांबांवरील काही जुने मोझेक वाचले आहेत. माझा आग्रह असा की, आधी तळघर पाहावे आणि मग वरचे सभागृह.

आखिरोपिइतोस हे पाचव्या शतकातील चर्चही चुकवू नये. 1430 साली शहर जिंकल्यावर ऑटोमन तुर्कांचा सुलतान दुसरा मुराद याने त्याची मशीद केली आणि त्या विजयाचा लेख तेथील एका संगमरवरी खांबावर कोरलेला आहे. तेथेच जमिनीखाली रोमन स्नानगृहातील मोझेकचा भाग जपून ठेवला आहे. जुन्या वरच्या वस्तीतील ओसिओस दाविद हे चर्च अगदी लहान असून त्यात दाढी नसलेल्या तरुण ख्रिस्ताचे मोझेक आहे, आणि तेवढ्यासाठीच तो चढ चढण्यासारखा आहे. अशी लहान चर्च दुपारी बंद असू शकतात, म्हणून सकाळीच निघावे. खांदे व गुडघे झाकतील असे कपडे घालावेत आणि प्रार्थना चालू असल्यास छायाचित्रे काढू नयेत. संत दिमित्रिओस यांच्या चर्चसह ही तिन्ही चर्च, तसेच रोटुंडा, युनेस्कोने 1988 साली जागतिक वारसा ठरवलेल्या येथील पंधरा वास्तूंमध्ये आहेत.

रोमन चौक मात्र अपघातानेच हाती लागला. 1960च्या दशकात न्यायालयाची इमारत बांधण्यासाठी पाया खणताना तो सापडला आणि न्यायालय दुसरीकडे न्यावे लागले. मेट्रोच्या बाबतीत एवढी सहज माघार घेता आली नाही. वेनिझेलोस स्थानकाच्या जागी संगमरवरी फरसबंदीचा प्राचीन रस्ता निघाला, तेव्हा तो जागीच ठेवावा की हलवून परत बसवावा यावर अनेक वर्षे वाद चालला. अखेर तो उचलून पुन्हा बसवला गेला आणि नोव्हेंबर 2024मध्ये मेट्रो सुरू झाली. माझ्या मते तो जागेवरच राहायला हवा होता, कारण एकदा उचललेले दगड पुन्हा कितीही काटेकोरपणे मांडले तरी त्यांच्याखालचे मातीचे थर परत मिळत नाहीत. तरीही ते स्थानक अवश्य पाहावे.